जोडीदाराची ओ

माझ्या धाकट्या जावेला जुळं झालं, त्या सालचा चैत्र. बारसं आदल्या दिवशी झालं होतं. उरलेल्या घुगऱ्या फडक्यात बांधून मी फौंड्रीच्या गेटवर आले होते आणि शेजारच्या बायकांना मूठ मूठ वाटत होते. गेट बंद होतं. भट्टीच्या धुराड्यातून धूर नव्हता. कोळसा मिळत नाही, ऑर्डरी नाहीत, असं सांगून मालकांनी ले-ऑफ लावला होता, त्याचा तो पहिला दिवस.

ले-ऑफ म्हणजे नोकरी आहे पण काम नाही. रोज सकाळी शिफ्टच्या वेळेला गेटवर यायचं, नाव पुकारलं की ओ द्यायची आणि घरी जायचं. एवढं केलं की अर्धा पगार चालू राहायचा. आलं नाही की तोही नाही.

टाइमकीपर पोतनीस केबिनबाहेर टेबल टाकून बसले होते. बायकांची नावं आधी झाली. आम्ही बायका कोअर शॉपमध्ये होतो, साच्याच्या पोटात बसवायचे वाळूचे गाभे करायचो. मग पुरुषांची नावं सुरू झाली.

“चौगले जोतीराम!”

माझी मूठ फडक्यातच राहिली. जोतीराम चौगले म्हणजे आमचे हे. त्यांचं नाव मी तोवर तोंडानं कधी घेतलं नव्हतं. पुढे लिहायला शिकले तेव्हा ते पाटीवर काढलं. त्या सकाळी हे घरी खाटेवर पडून होते. फाल्गुनात साच्यात ओल राहिली होती, लोखंडाचा रस ओतताना उसळला आणि डाव्या पायावर पडला. पायात बूट नव्हता, गोणपाट गुंडाळलेलं होतं. ते पेटलं.

“ओ!”

मागून हिंदुरावनं ओ दिली. हिंदुराव सुतार हा ह्यांचा जोडीदार. रसानं भरलेली लॅडल, म्हणजे ओतायची मोठी पळी, दोघांनी दोन बाजूंनी धरायची असते. एकाचा पाय चुकला तर दुसरा भाजतो. म्हणून जोडी एकदा लागली की सहसा मोडत नसत. आणि आमच्या फौंड्रीत एक रीत होती. कुणाच्या नावाला ओ आली नाही असं होऊ द्यायचं नाही. तसं फक्त मेलेल्या माणसाच्या नावाला व्हायचं. म्हणून कुणी आजारी असो, गावाला गेलेला असो, त्याचा जोडीदार ओ द्यायचा. पोतनीस मान वर न करता विचारायचे, “कुठाय?” जोडीदार सांगायचा, “ताप हाय,” नाहीतर “सासरवाडीला गेलाय,” आणि मग त्याचा खाडा पडायचा. यात चोरी कुणाची नव्हती.

त्या दिवशी पोतनीसांनी “कुठाय” विचारलं नाही. टिपण केलं आणि पुढचं नाव घेतलं.

हिंदुराव तोंड उघडं ठेवून उभा राहिला. त्याला सांगायचं होतं ते तोंडातच राहिलं.

परत जाताना मी त्याला म्हटलं, “भावजी, त्यांनी इचारलंच न्हाई.”

“इसरला असंल वैनी. उद्या सांगतो.”

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मात्र ओ दिल्यावर हिंदुराव आपणहून बोलू लागला. “साहेब, जोतीराम घरात पडून हाय, त्याचा पाय अजून...”

पोतनीस खेकसले, “मी तुला विचारलं का? गप उभा राहा. नाहीतर तुझाही खाडा टाकतो.”

लोक हसले. कुणीतरी मागून म्हणालं, “लई लाड हायेत रं जोडीदाराचे!” हिंदुराव ओळीत मागे सरकला. त्याच्यानंतर तो रोज दोनदा ओ द्यायचा, एकदा ह्यांच्या नावाला, एकदा स्वतःच्या.

पगाराच्या दिवशी पोतनीसांनी त्याच्या हातात दोन पाकिटं ठेवली. “चौगल्याचं घेऊन जा.” तो पळतच आमच्याकडे आला. घाम पुसायचंही भान नव्हतं.

“जोत्या, हे बग! मालकाला दया आली लेका. आमच्याबरोबर तुलाबी अर्धा पगार.”

ह्यांनी पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं. “मी तर गेटवर आलो न्हाई.”

“मी हाय की. माझी ओ म्हंजे तुझीच ओ.”

घरात तेल नव्हतं. मी पाकीट घेतलं.

ह्यांचा पाय बरा होत नव्हता. दोन बोटं गेली होती आणि बाकीचा चवडा काळा पडत चालला होता. मिरजेच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की पावसाळ्याआधी पाय घोट्याच्या वरून काढावा लागेल, नाहीतर विष वर चढेल आणि मग मांडीपासून काढूनही माणूस वाचेल याची खात्री नाही. त्याला पैसा लागणार होता. आमच्या फौंड्रीला विम्याचा दवाखाना लागू नव्हता. अपघाताची भरपाई कंपनीनं द्यायची आणि ती दिली नाही तर कामगार कोर्टात मागायची. युनियननं मगदूम वकिलांना धरून तातडीचा अर्ज केला होता, निदान ऑपरेशनपुरते पैसे आधी द्या म्हणून. त्याची तारीख वैशाखात लागली.

तारखेच्या आदल्या दिवशी वकिलांनी मला आणि हिंदुरावला बोलावून घेतलं. त्यांचं ऑफिस एका भांड्याच्या दुकानावर होतं. खालून ठोकाठोक ऐकू येत होती. वकिलांनी कंपनीचं उत्तर आमच्यासमोर ठेवलं. आम्हाला दोघांनाही वाचता येत नव्हतं, म्हणून ते तोंडानं सांगू लागले.

“कंपनी म्हणते, अपघात झाला हे मान्य. पण पाय बरा झाला. चैत्रापासून माणूस रोज गेटवर येतो, हजेरी देतो आणि ले-ऑफचा पगार घेतो.”

हिंदुराव हसला. “साहेब, त्यो नव्हं. ओ मी देतो.”

वकिलांनी पेन खाली ठेवलं. “काय म्हणालास?”

हिंदुरावनं सगळं सांगितलं. रीत काय, पोतनीस विचारायचे काय, आता विचारत नाहीत ते. वकील ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला.

“अरे, ले-ऑफचा पगार कुणाला मिळतो? ज्याचे हातपाय धड आहेत, जो कामाला तयार आहे, पण मालकाकडे काम नाही, त्याला. आणि अपघाताची भरपाई कुणाला मिळते? ज्याला कामच करता येत नाही, त्याला. एकच माणूस एकाच दिवशी दोन्ही कसा असेल? तू रोज सकाळी गेटवर उभा राहून ओरडत होतास की जोतीराम धडधाकट आहे!”

“मी फकस्त ओ दिली साहेब.”

“तेच तर.”

खाली दुकानात काहीतरी पडलं, मोठा आवाज झाला.

मी विचारलं, “आता काय करायचं?”

“उद्या पोतनीस साक्ष देईल की माणूस रोज हजर होता. मग न्यायाधीश जोतीरामला विचारतील. जोतीराम ‘होतो’ म्हणाला तर अर्ज फेटाळला. ‘नव्हतो’ म्हणाला तर पुढचा प्रश्न, मग ओ कुणी दिली? पाकीट कुणी उचललं? नाव बाहेर आलं की खोटी हजेरी लावली म्हणून कंपनी त्याला काढून टाकणार, आणि त्याला कुठलीच युनियन वाचवू शकत नाही.” ते हिंदुरावकडे बघून थांबले. “पोतनीसनं ‘कुठाय’ विचारायचं का सोडलं, हे आता कळलं का तुला?”

हिंदुरावला कळलं. त्याची मान खाली गेली ती वर आली नाही.

“आणि बाई,” वकील मला म्हणाले, “घरी जाऊन जे ठरवायचं ते ठरवा, पण मला सांगू नका. खोटी साक्ष मी मांडू शकत नाही.”

हिंदुरावच्या घरात सात खाणारी तोंडं होती. आईवडील, बायको रत्ना, तीन मुली आणि तो. ले-ऑफमध्ये अर्ध्या पगारावर ते कसंबसं निभावत होते. मोठ्या मुलीला जूनमध्ये शाळेत घालायची म्हणून त्यानं पाटी आणून ठेवली होती.

दिवेलागणीला तो आमच्याकडे आला. उंबऱ्यातच बसला, आत येईना. हे खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. पाय मी कडुलिंबाच्या पाण्यानं धुऊन नवी पट्टी बांधली होती, तरी वास येत होता.

“उद्या मी खरं काय ते सांगणार,” हिंदुराव म्हणाला.

“तू काय सांगणार न्हाईस. तू कोर्टात येऊच नगंस,” हे म्हणाले. “मला इचारतील तवा मी सांगणार, व्हतो म्हणून. रोज गेटवर व्हतो.”

“आणि पाय?” मी म्हणाले.

“पायाचं पाय बगंल.”

“जोत्या, येड लागलंय काय तुला? पाय गेला तर तू जाशील.”

“आणि तुझी नोकरी गेली तर सात जणं जातील. हिशेब करता येतोय का तुला?”

“तिच्या मायला हिशेबाच्या! मी ओ दिली, मी निस्तरणार.”

“हिंद्या, लॅडल धरताना कवा मी माझी बाजू सोडली का?”

“न्हाई.”

“मग आता सोडायला लावू नगंस.”

हिंदुराव उठला. जाताना त्यानं खाटेच्या पायाला हात लावला, ह्यांच्या पायाला लावायची हिंमत झाली नाही. दारात मला म्हणाला, “वैनी, तुम्ही सांगा त्येला.”

“माझं कवा ऐकलंय त्यांनी?” मी म्हणाले.

मी भाकरी केल्या. हे जेवले नाहीत. मी जेवले. दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी अंगात बळ असायला हवं होतं.

कोर्ट म्हणजे मला वाटलं होतं सिनेमात असतं तसं असेल. ती एक साधी खोली होती. दोन पंखे, त्यातला एक बंद. बाकं. न्यायाधीश वयस्कर होते, चष्मा सारखा खाली घसरायचा. ह्यांना मी आणि माझ्या दिरानं दोन्ही बाजूंनी धरून रिक्षातून आणलं होतं. हिंदुराव आला होताच, सांगितलं होतं येऊ नको तरी. शेवटच्या बाकावर भिंतीला चिकटून बसला होता.

कंपनीच्या वकिलांनी पोतनीसांना उभं केलं. पोतनीसांनी पांढरा सदरा घातला होता आणि ते कुणाकडेच बघत नव्हते.

“जोतीराम चौगले चैत्रापासून रोज गेटवर हजर होता का?”

“होय.”

“नाव पुकारल्यावर उत्तर आलं?”

“रोज आलं.”

मगदूम वकील उठले. “तुम्ही त्याला डोळ्यांनी पाहिलंत?”

“दोनशे माणसं असतात साहेब. नाव पुकारायचं, ओ आली की मांडायचं. अशीच पद्धत आहे.”

“ओ कुणी दिली?” न्यायाधीशांनी विचारलं.

“ज्याचं नाव, त्यानंच दिली असणार साहेब.”

न्यायाधीशांनी काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, “अर्जदाराला बोलवा.”

हे काठीवर जोर देऊन उठू लागले. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ओठ घट्ट मिटलेले होते. ते काय बोलणार हे मला माहीत होतं. त्याच वेळी मागच्या बाकाचा आवाज झाला. वळून पाहिलं तर हिंदुरावही उठत होता. दोघंही एकाच वेळी उठत होते, लॅडल उचलताना उठायचे तसे.

मी उभी राहिले. “साहेब, ओ मी दिली.”

न्यायाधीशांनी चष्मा वर सरकवला.

“कोण आहेत ह्या बाई?”

“अर्जदाराची पत्नी,” मगदूम वकील म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. “त्याच फौंड्रीत कामाला आहे. कोअर शॉपमध्ये.”

“त्यांना इकडे घ्या. शपथ द्या.”

मी शपथ घेतली.

“नाव?”

“मालन जोतीराम...” एवढं म्हणून मी अडखळले. आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत ते नाव तोंडातून निघालं होतं. “...चौगले.”

कंपनीचे वकील पुढे आले. ते हसत होते. “बाई, दोनशे पुरुषांच्या हजेरीत तुम्ही नवऱ्याच्या नावाला ओ दिलीत?”

“व्हय.”

“रोज?”

“रोज.”

“आणि टाइमकीपरला कळलं नाही की हा बाईचा आवाज आहे?”

“बायकांची ओळ पुढं असती. आणि आमच्या शॉपमधी वाळूची मशीन चालती. तिथं बोलायचं म्हंजे आवाज चढवूनच बोलावं लागतं. आमचा कुणाचाच आवाज बाईसारखा ऱ्हायला न्हाई.”

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

“बरं. मग कशी ओ दिलीत ते कोर्टाला दाखवा.”

मी न्यायाधीशांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली.

“ओ!” मी ओरडले.

सगळी शक्ती लावली होती. बाहेरच्या व्हरांड्यातून शिपाई आत डोकावला. खोलीभर हसू पसरलं. कंपनीचे वकीलही हसले, आणि तिथेच त्यांची चूक झाली. ते पोतनीसांकडे वळून म्हणाले, “काय पोतनीस, हाच आवाज का?”

“छे! हा नव्हे साहेब,” पोतनीस पटकन म्हणाले. “पुरुषाचा आवाज होता.”

“कुणाचा?” न्यायाधीशांनी विचारलं.

हसू थांबलं. पोतनीसांनी हिंदुरावचं नाव घेतलं तर, दुसऱ्याच माणसाची ओ ओळखूनही ह्यांची हजेरी का मांडली, हे सांगावं लागणार होतं. त्यांनी मागे बसलेल्या मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजर खिडकीबाहेर बघत होते.

“जोतीरामचाच,” पोतनीस म्हणाले.

“म्हणजे हा माणूस रोज तुमच्या गेटवर येत होता.”

“होय.”

“कसा?”

“चालत, साहेब.”

न्यायाधीशांनी समोरचे कागद बाजूला सरकवले. मग ह्यांना म्हणाले, “पुढे या. बसा त्या खुर्चीवर. पट्टी सोडा.”

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते मी इथे लिहीत नाही. मी खाली बसले आणि पट्टी सोडू लागले. एक एक वेढा निघत होता तसा वास वाढत होता. शेवटचा वेढा कातडीला चिकटला होता, तो मी थुंकी लावून सोडवला. बाकावरच्या लोकांनी नाकाला पदर, रुमाल, जे मिळेल ते लावलं. कंपनीचे वकील दोन पावलं मागे सरले.

न्यायाधीश खुर्चीवरून उठून आले. जवळून पाहिलं. मग म्हणाले, “पोतनीस, इकडे या. बघा.”

पोतनीस आले. वाकले. फौंड्रीत वीस वर्षं नावं पुकारणारा माणूस, पण तो केबिनमध्ये बसणारा होता. भाजलेला पाय त्यानं एवढ्या जवळून कधी पाहिला नसावा. तो तसाच वाकून राहिला. त्याच्या कपाळावरचा घाम ह्यांच्या गुडघ्यावर पडला.

“साहेब,” तो हळूच म्हणाला, “ह्याला मी गेटवर पाहिलेला नाही.”

“मग हजेरी?”

“ओ आली की ‘कुठाय’ विचारू नकोस, असं मला सांगितलं होतं.”

“कुणी?”

पोतनीस मॅनेजरकडे बघून उभे राहिले. बोलले नाहीत. बोलायची गरजही उरली नव्हती.

“आणि ओ कुणी दिली?” कंपनीचे वकील घाईनं म्हणाले. “साहेब, ते नाव रेकॉर्डवर यायला पाहिजे!”

न्यायाधीशांनी चष्मा काढला. माझ्याकडे पाहिलं, मग मागच्या बाकाकडे. हिंदुराव अजून अर्धवट उभाच होता. त्यांना कळलं होतं, हे मला त्याच क्षणी समजलं.

“एका साक्षीदारानं शपथेवर सांगितलंय, आपण दिली. दुसरं कुणी सांगत असेल तर सांगावं.”

मी हिंदुरावकडे पाहिलं, आणि पोटच्या पोराला दटावतात तसं डोळ्यांनी दटावलं. तो खाली बसला.

निकाल तिथेच झाला. ऑपरेशनचा खर्च कंपनीनं आधी कोर्टात भरायचा, बाकीची भरपाई पाय काढल्यावर ठरवायची. ज्या दिवसांची अपघाताची भरपाई मिळेल, त्या दिवसांचा ले-ऑफ मिळणार नाही, म्हणून घेतलेली पाकिटं त्यातून कापून घ्यायची. ते बरोबरच होतं.

बाहेर आल्यावर हिंदुराव कोर्टाच्या पायरीवर बसला आणि पोरासारखा रडू लागला.

“वैनी, तुम्ही का केलं असं?”

“भावजी, रडायचं घरी. आधी रिक्षा बघा.”

“त्ये तुम्हाला ठेवणार न्हाईत कामावर.”

“न्हाई ठेवणार. रिक्षा बघा.”

रिक्षात हे माझ्याशी बोलले नाहीत. घरी आल्यावरही नाही. चार दिवसांनी मी पट्टी बदलत होते तेव्हा एवढंच म्हणाले, “आमच्या दोघांच्या मधी तू कशाला आलीस?”

“पाय धुऊन व्हायचाय अजून,” मी म्हणाले. “हलवू नका.”

मला कामावरून काढलं. खोटी हजेरी लावली म्हणून. पोतनीसांनाही काढलं, पण त्यांच्या कागदावर काय कारण लिहिलं ते मला माहीत नाही. त्या रस्त्यावरच्या दुसऱ्या फौंड्र्यांमध्ये मी विचारून पाहिलं. माझं नाव ऐकलं की ते हसायचे आणि म्हणायचे, “बाई, तुमचा आवाज लई मोठा हाय म्हणं.” पुढे मी घरी पापड लाटले, शेण्या विकल्या, आणि दुपारच्या वर्गाला जाऊन अक्षरं शिकले.

ह्यांचा पाय मिरजेला घोट्याच्या वरून काढला. ऑपरेशनला आत नेताना हिंदुराव एका बाजूला होता आणि मी दुसऱ्या बाजूला. हे त्याला म्हणाले, “तुझी बाजू धर नीट.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “तूबी.” लाकडी पाय लावून हे सायकल दुरुस्तीच्या दुकानात बसायला लागले. पुढे एकवीस वर्षं बसले. २००४ सालच्या भाद्रपदात, तापानं, घरातच गेले.

कोर्टाच्या त्या साली ज्येष्ठात ले-ऑफ उठला. हिंदुरावला नवीन जोडीदार दिला, सांगलीकडचा एक मुलगा. त्याचं आणि त्या मुलाचं कधी जमलं नाही, असं रत्ना सांगायची. मी तिला म्हणायचे, जमंल, नवीन हाय अजून.

रत्नाला भरपाई मिळायला अजिबात वेळ लागला नाही. मगदूम वकिलांकडे तिच्याबरोबर मीच गेले होते. खाली भांड्यांची ठोकाठोक चालूच होती. या वेळचा कागद मी स्वतः वाचला, बोट ठेवून, सावकाश. कंपनीनं कशालाच हरकत घेतली नव्हती. गेलेला माणूस त्या दिवशी कामाला तयार होता की नव्हता, हे कुणी विचारलं नाही.

हिंदुराव सुतार १९८५ सालच्या माघ महिन्यात, पहिल्या पाळीत, भट्टीचा तळ उघडताना भाजून मेला. तो चौतीस वर्षांचा होता.